बिअरच्या जगावरची सुसान्ना: रारेन आणि झीगबुर्गच्या भांड्यांवरचं बायबल

आखेनवासी

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी जर्मनीत आखेनला आहे. इथून बसने तासाभराच्या आत रारेन येतं. सरहद्द ओलांडून बेल्जियममध्ये, पण गाव जर्मन बोलणारं, आणि १९२० पर्यंत जर्मनीतच होतं. गावात पाण्याने वेढलेली जुनी गढी आहे, तिच्यात कुंभारकामाचं संग्रहालय. पहिल्यांदा पाऊस लागला म्हणून आत शिरलो होतो. गेल्या रविवारी पाचव्यांदा जाऊन आलो. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मला धरून ठेवलं ते सुसान्नाच्या जगाने. (जग म्हणजे दुनिया नव्हे, इंग्रजीतला 'jug', बिअरचं भांडं.) सोळाव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांत रारेनला असे जग पुष्कळ झाले. रंग पिकल्या चिंचेसारखा तपकिरी, वर चकाकी, आणि पोट गोल नाही, तर मधोमध उभ्या भिंतीचं, डब्यासारखं. त्या भिंतीला गुंडाळून चित्रांचा पट्टा. माणसं करंगळीएवढी. जग हातात फिरवत गेलं की गोष्ट पुढे सरकते.

बायबलमधली गोष्ट अशी. बाबिलोनमध्ये योयाकीम नावाचा सधन यहुदी राहत असतो, सुसान्ना त्याची बायको. त्याच्या घरी दोन वयस्क न्यायाधीश येत-जात असतात. दोघांचीही नजर तिच्यावर. एके दिवशी ती बागेत स्नानाला उतरते, दासींना तेल आणायला पाठवते, तेवढ्यात लपलेले दोघे पुढे होतात. आमचं ऐक, नाहीतर तुला एका तरुणाबरोबर पकडलं असं सांगू. दोन्हीकडून मरणच आहे हे तिला कळतं, आणि ती ओरडते. दुसऱ्या दिवशी दोघे तिच्या डोक्यावर हात ठेवून खोटी साक्ष देतात, तिला देहान्ताची शिक्षा होते. तिला नेत असताना दानीएल नावाचा पोरगा गर्दीतून म्हणतो, थांबा. तो दोघांना वेगवेगळं उभं करून एकच प्रश्न विचारतो: कुठल्या झाडाखाली? दोघे वेगवेगळ्या झाडांची नावं घेतात. खटला तिथेच संपतो.

हे सगळं त्या पट्ट्यावर आहे. बागेतलं स्नान, ओढत नेणं, चौकशी, आणि शेवटी न्यायाधीशांना दगड मारणारी माणसं. कपडे मात्र बाबिलोनचे नाहीत. गळ्याभोवती चुण्यांच्या कॉलरी, फुगीर तुमानी, म्हणजे १५८० च्या सुमाराला ऱ्हाईनच्या काठी लोक घालत ते. काही जगांवर पट्ट्याच्या कडेने ओळ आहे: ही सुसान्नाची सुंदर कथा, थोडक्यात कोरलेली. खाली साल, १५८४.

माझा प्रश्न साधा आहे. हे देवळातलं भांडं नव्हे, दारू प्यायचं. गुत्त्यात, लग्नात, कारागिरांच्या गिल्डच्या जेवणात हातोहात फिरणारं. त्यावर खोट्या साक्षीची गोष्ट कोणाला हवी होती? मला वाटतं, ती तिथे होती कारण तिची गरज तिथेच होती. तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

मृण्मयी

धागा वाचून हातातलं काम ठेवलं. मी पुण्यात छोटा स्टुडिओ चालवते, स्टोनवेअरच करते, तेव्हा मातीच्या बाजूने भर घालते.

आपल्याकडचं माठ-पणती काम साधारण हजार अंशांच्या आत भाजतात. ते भांडं झिरपतं, म्हणून तर पाणी गार होतं. स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांवर जातं. त्या आचेत माती नुसती भाजत नाही, आतून वितळायला लागून एकजीव होते. थंड झाल्यावर वाजवली की दगडासारखी टणटणते आणि थेंबभरही झिरपत नाही. बिअर, वाइन, व्हिनेगर काहीही ठेवा. असली माती सगळीकडे मिळत नाही. ऱ्हाईनच्या आसपास मिळाली, म्हणून तिथे धंदा उभा राहिला.

चकाकीचं गुपित मीठ. भट्टी ऐन तापात असताना वरच्या भोकांतून साधं मीठ टाकायचं. ते फुटून सोडियमची वाफ भट्टीभर पसरते, मातीतल्या सिलिकाशी जुळते आणि भांड्यावर काचेचा पातळ थर बसतो. ब्रशने लावलेलं ग्लेझ बारीक नक्षी बुजवून टाकतं. मिठाची वाफ बुजवत नाही, म्हणून करंगळीएवढ्या माणसाच्या कॉलरीच्या चुण्या आजही मोजता येतात. जवळून पाहिलंत तर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा दिसेल, ती या पद्धतीची ओळख.

हा पोत पाहायला युरोपात जायला नको. जुन्या बंगल्यांचं ड्रेनेज खणताना तपकिरी, चकचकीत, जाड पाइप निघतात ना, तेही मिठाच्या ग्लेझचं स्टोनवेअर. माझ्या स्टुडिओच्या दारात एक तुकडा ठेवलाय, येणाऱ्या प्रत्येकाला त्यावरून बोट फिरवायला लावते.

उलटतपास

मी पस्तीस वर्षं फौजदारी वकिली केली. सुसान्नाची गोष्ट आज प्रथमच वाचली आणि वाचून उठून बसलो.

दानीएलने जे केलं ते आम्ही रोज करतो. एकाची साक्ष चालू असताना दुसऱ्या साक्षीदाराला कोर्टाबाहेर बसवतात ते उगाच नव्हे. आणि प्रश्न कसा विचारलाय पाहा. मूळ आरोपाबद्दल एक अक्षर नाही. ते दोघांनी घोकलेलं असणारच. त्याने कडेचा तपशील विचारला, जो ठरवून यायचं राहून जातं. खोटी साक्ष नेहमी कडेने उसवते. नवीन पोरांना मी हे शिकवताना किती उदाहरणं शोधायचो, आणि हे एका जगावर तयार होतं.

आखेनवासी, एक विचारू का? ही दृश्यं कुंभार स्वतः रचायचे का? इतकी नेमकी मांडणी अशिक्षित कारागिराची वाटत नाही.

आखेनवासी

मृण्मयीताई, काय सुंदर समजावलंत. कॉलरीच्या चुण्या मी खरंच मोजल्या होत्या, पण त्या टिकल्या कशामुळे ते आज कळलं.

उलटतपास साहेब, कुंभारांनी बहुतेक चित्रं छापील चित्रांवरून घेतली. न्यूरेम्बर्गसारख्या शहरांत तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली तळहाताएवढी चित्रं छापली जात. हान्स झेबाल्ड बेहाम, फिर्गिल झोलिस, हाइनरिख आल्डेग्रेफर ही त्यातली मोठी नावं. सोनार, सुतार, कुंभार सगळेच ती विकत घेऊन नमुना म्हणून वापरत. कुंभाराचं काम नक्कल करून संपत नसे. सपाट कागदावरचं चित्र त्याला गोल फिरणाऱ्या भिंतीवर बसवायचं होतं, तेही उठावात, म्हणजे भिंतीवरून वर आलेलं. काय ठेवायचं, काय गाळायचं, कोणत्या प्रसंगापाशी पट्टा जोडायचा, हे सगळं त्याचं.

त्यांना अशिक्षित म्हणायला मला जड जातं. रारेनचा यान एमेन्स मेनिकेन आपल्या साच्यांवर आद्याक्षरं घालायचा. मधोमध उभी भिंत असलेला हा आकार गाजवला तो त्यानेच. कोलोनजवळच्या झीगबुर्गला क्न्यूटगेन घराणं होतं, हान्स हिल्गर्स होता, त्याची 'एच एच' ही खूण. आपलं काम आपल्या नावाने ओळखलं जावं असं वाटणारी माणसं होती ही.

एक गोष्ट मला फार जवळची वाटते. पट्ट्यांवरची अक्षरं पुष्कळदा चुकतात. 'एन' उलटा, 'एस' उलटा, शब्द बोलीभाषेतले आणि कानाला ऐकू येतील तसे. साचा उलटा कोरावा लागतो, त्यात हे होतं. पण ती उलटी अक्षरं दिसली की माणूस समोर बसलेला वाटतो.

वसईकरीण

आमच्या घरी ही गोष्ट दरवर्षी कानावर पडते. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) पहिलं वाचन सुसान्नाचंच असतं. लांब वाचन आहे, तरी लहानपणी मला ते संपू नये असं वाटायचं. माझी मावशी वाचायची. 'कुठल्या झाडाखाली?' यापाशी ती थांबायची आणि अख्खं देऊळ गप्प. त्याच दिवशी पुढे बहुतेक वर्षी शुभवर्तमान येतं ते व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचं, जिथे येशू म्हणतो ज्याने पाप केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा. एक निर्दोष, एक दोषी, आणि दोघींना दगड मारायला टपलेले पुरुष तेच. ही जोडी ज्यांनी लावली त्यांना माझा नमस्कार.

उलटतपास काकांनी ही गोष्ट वाचली नव्हती याचं एक कारण सांगते. प्रोटेस्टंट बायबलमध्ये दानीएलचं पुस्तक बाराव्या अध्यायाला संपतं. सुसान्ना तेराव्यात आहे, आणि तो अध्याय कॅथलिक बायबलमध्ये असतो. त्यामुळे मराठीत बायबल वाचलं तरी कोणती प्रत हाती आली त्यावर ही भेट अवलंबून.

आखेनवासी दादा, याच्याशी जोडून एक प्रश्न. तुमच्या कुंभारांच्या काळात तर युरोपात धर्मावरून रक्त सांडत होतं. मग ही गोष्ट कोणाची, कॅथलिकांची की ल्यूथरच्या लोकांची?

आखेनवासी

ताई, मावशींचं ते थांबणं डोळ्यांसमोर आलं.

दोघांचीही, आणि म्हणूनच ती इतकी खपली असावी. ल्यूथरने १५३४ च्या संपूर्ण बायबलमध्ये सुसान्ना वेगळी काढून ठेवली, पण फेकली नाही. ही पुस्तकं पवित्र शास्त्राच्या तोडीची नाहीत, तरी वाचायला उपयुक्त आणि चांगली, असं त्याने म्हटलं. कॅथलिक चर्चने १५४६ साली ट्रेंटच्या धर्मसभेत ती शास्त्राचाच भाग असल्याचं पक्कं केलं. वाद होता तो दर्जाबद्दल. गोष्ट चांगली आहे यावर एकमत होतं. जर्मन भाषेत तिच्यावर त्या काळात नाटकंही झाली.

कोलोन शहर कॅथलिक, झीगबुर्ग तर टेकडीवरच्या मठाच्या मठाधिपतीच्या अखत्यारीतलं गाव. माल मात्र कोलोनच्या व्यापाऱ्यांमार्फत ऱ्हाईनमधून खाली नेदरलँड्सला आणि पुढे इंग्लंडला जायचा. घेणारे दोन्ही पंथांचे. जुन्या करारातल्या गोष्टी दोघांच्याही टेबलावर चालत. संतांची चित्रं तशी चालली नसती.

पण सगळीच भांडी अशी मधली वाट धरणारी नव्हती. १५४८ साली सम्राट पाचव्या चार्ल्सने दोन्ही पंथांत तात्पुरती तडजोड लादली, तिला 'इंटेरिम' म्हणतात. कट्टर प्रोटेस्टंटांना ती विश्वासघात वाटली. तिची टर उडवणारे उंच मग आहेत: तीन तोंडांचा राक्षस, एक तोंड पोपचं, एक तुर्काचं, एक देवदूताचं. ते झीगबुर्गलाही झाले, म्हणजे मठाच्या पायथ्याशी. त्या साच्यावर काम करणाऱ्याच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मला सोडत नाही. पैशासाठी केलं असेल, किंवा मनापासूनही.

कानडा_राजा

लेख आणि प्रतिसाद दोन्ही आवडले, पण एक शंका आहे आणि ती मोकळेपणाने मांडतो. सुसान्ना स्नान करतेय. आदाम-हव्वा उघडेच. लोटाच्या मुली बापाला दारू पाजताहेत, हेही या भांड्यांवर असतं असं वाचलंय. मला तर वाटतं नीती हे निमित्त होतं आणि पिणाऱ्यांना बायका पाहायच्या होत्या. आपण चारशे वर्षांनंतर त्यात फार अर्थ भरतोय का?

आखेनवासी

शंका रास्त आहे. चित्रकलेत सुसान्नाचं पुष्कळदा तेच झालं. मोठमोठ्या कॅनव्हासवर फक्त स्नानाचा क्षण येतो, दानीएलचा पत्ताच नसतो. तिथे पाहणारा नकळत त्या दोन म्हाताऱ्यांच्या जागी जाऊन उभा राहतो.

रारेनच्या जगावर नेमकं उलटं आहे, आणि हाच माझा मुद्दा आहे. स्नानाचा प्रसंग हा पट्ट्याचा एक तुकडा. बाकीचा पट्टा खटल्याचा. तिथे थांबायचं म्हटलं तरी जग हातात फिरतोच, आणि फिरला की पुढचं दिसतं. ज्याला फक्त बाई दाखवायची आहे तो कुंभार दगडमाराच्या गर्दीतले चेहरे कोरत बसणार नाही. किती मेहनत आहे त्यात!

लोटाच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला जास्त पटतं. उत्पत्तीच्या पुस्तकात सदोम जळून गेल्यावर लोटाच्या दोन मुली, आता जगात पुरुषच उरला नाही असं समजून, बापाला द्राक्षारस पाजून बेशुद्ध करतात. झीगबुर्गच्या श्नेल्लेवर हे दृश्य येतं. श्नेल्ले म्हणजे उंच, वर निमुळता होत गेलेला मग, वर बहुधा कथिलाचं झाकण. झीगबुर्गच्या मातीत लोह फार कमी, त्यामुळे रंग जवळजवळ हस्तिदंती. अंगावर तीन उभ्या पट्ट्या. पिणाऱ्याच्या हातात मग, मगावर पिऊन शुद्ध हरपलेला लोट. चवीने पाहणारे असतील, ओशाळणारेही असतील. एकाच माणसाला पहिल्या आणि चौथ्या मगाला वेगवेगळं वाटलं असेल.

पण मला सर्वांत हलवणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिथे उघडं अंग औषधालाही नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस आणि लाजर. श्रीमंत जांभळी वस्त्रं नेसून रोज मेजवान्या झोडतो. दारात लाजर फोडांनी भरलेला पडून असतो, टेबलाखाली पडलेल्या चुऱ्याची आशा करत, आणि कुत्री येऊन त्याचे फोड चाटतात. दोघे मरतात. लाजर अब्राहामाच्या कुशीत, श्रीमंत ज्वाळांत. तो वर पाहून ओरडतो, लाजराला पाठवा, त्याने बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ गार करावी.

ही गोष्ट श्नेल्लेवर आहे. जरा डोळ्यांसमोर आणा. पट्टी चार बोटं रुंद आणि वीतभर उंच, मेजवानी, दार, कुत्री, ज्वाळा सगळं तेवढ्यात बसवलेलं. आणि तो मग तोंडाला लावलेला माणूस. त्याच्या हातात थंड बिअर आहे, आणि बोटांखाली, अक्षरशः बोटांखाली, एका थेंबासाठी तळमळणारा माणूस. भिंतीवरच्या चित्राकडे पाठ फिरवता येते. हातातल्या उठावाकडे नाही, तो अंधारातही बोटाला लागतो. म्हणून मी म्हणतो की यात अर्थ आपण भरत नाही. जागा निवडणाऱ्याने तो आधीच भरून ठेवलाय.

कानडा_राजा

लाजराचा भाग वाचून गप्प झालो. माझं म्हणणं लोटापुरतं ठेवतो, बाकी मागे घेतो.

अन्नपूर्णा७०

मला इतिहास फारसा कळत नाही, पण एक विचारायचं आहे. बायकांच्या वाट्याला या भांड्यांवर नेहमी संकटच का? सुसान्ना वाचली ती एका मुलाने तोंड उघडलं म्हणून. स्वतः काही करणाऱ्या बायका नव्हत्या का?

आखेनवासी

होत्या, आणि ठसठशीत होत्या. श्नेल्लेच्या तीन पट्ट्यांवर ज्युडिथ, एस्तेर आणि लुक्रेशिया या तिघी पुन्हा पुन्हा एकत्र येतात. ज्युडिथ आपल्या वेढलेल्या गावातून निघून शत्रूचा सेनापती होलोफर्नेसच्या तंबूत जाते आणि त्याचं मुंडकं घेऊन परतते. एस्तेर राणी असून न बोलावता राजासमोर जाते, ज्याला शिक्षा मृत्यूची, आणि आपल्या लोकांची कत्तल थांबवते. लुक्रेशिया बायबलमधली नाही, रोमची. अत्याचारानंतर ती सगळ्यांसमोर सत्य सांगून स्वतःच्या छातीत खंजीर खुपसते, आणि त्या संतापात रोममधली राजेशाही उलथते. बायबल आणि रोम शेजारी शेजारी ठेवण्यात त्या लोकांना काही वावगं वाटत नसे. उदाहरण चांगलं हवं, कुठलं का असेना.

आणि सुसान्नाबद्दल एक सांगू का? दानीएल नंतर आला. आधी ती ओरडली. गप्प बसली असती तर निदान खटला तरी टळला असता. त्या क्षणी तिच्या बाजूने कोणी नव्हतं.

वसईकरीण

हेच. मावशीही हेच म्हणायची.

भांडीकुंडी

आता माझा अनुभव, कोणाला तरी उपयोगी पडेल म्हणून. काही वर्षांपूर्वी युरोपातल्या एका रविवारच्या बाजारात मला पांढरट श्नेल्ले मिळाला. आदाम-हव्वा, झाड, साप, आणि खाली स्पष्ट १५७३. विकणाऱ्याने शपथेवर सोळाव्या शतकाचा सांगितला. मी महिन्याच्या पगारातली बरीच रक्कम मोजली, कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून नागपूरपर्यंत आणला. पुढे एका जाणकाराने हातात घेऊन मिनिटभरात सांगितलं की हा एकोणिसाव्या शतकातला आहे. त्या रात्री झोप लागली नाही. पैशापेक्षा, इतके दिवस आपण कोणाकडे पाहत होतो याचं वाईट वाटलं.

आखेनवासी

फार वाईट वाटलं वाचून. तुम्ही एकटे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत या भांड्यांची लाट पुन्हा आली. वेस्टरवाल्डमध्ये राइनहोल्ड हांके, रारेनमध्ये हुबर्ट शिफर, झीगबुर्गमध्ये पेटर ल्योवेनिख यांनी जुनी रूपं पुन्हा घडवली. मातीत पुरलेले जुने साचे सापडले होते, त्यांतूनही काम झालं. फसवणं हा त्यांचा हेतू होता असं नाही, ती उत्तम कारागिरी होती. फसवणूक पुढच्या विक्रेत्यांनी केली.

साल पाहून कधीच घेऊ नये. ते साच्यावर कोरलेलं असतं, म्हणजे साच्याचं. १५७३ चा साचा पुढे अनेक वर्षं चालायचा.

मृण्मयी

यात एक भर. अशा पट्टीसाठी आधी मूळ नक्षी खोलगट कोरतात. तिच्यात माती दाबून उठावाचा ठसा काढतात, तो भाजतात, आणि त्यावरून पुन्हा रोजच्या वापराचे साचे. प्रत्येक वेळी माती सुकताना आणि भाजताना आकसते, स्टोनवेअरमध्ये साधारण दहाव्या हिश्श्याने. म्हणजे साच्यावरून साचा घेत गेलं की चित्र लहान होत जातं आणि नाक-डोळे बोथट. एकाच दृश्याच्या दोन पट्ट्या फूटपट्टीने मोजल्या तर आधीची कुठली ते कळू शकतं.

बूडही पाहा. चाकावरून दोऱ्याने कापताना बुडाला शिंपल्यासारख्या रेषा पडतात. आणि आत बोट घालून पट्टीच्या मागची बाजू चाचपा. चिकटवताना आतून हाताचा आधार दिला असेल तर भिंत किंचित दबलेली लागते.

भांडीकुंडीदादा, तो मग फेकू नका. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी जुन्या कामावर जीव लावून केलाय तो.

भांडीकुंडी

नाही फेकला. आज बऱ्याच दिवसांनी कपाटातून काढला, बुडाच्या रेषा पाहिल्या.

इतिहासवेडा

मग हे सगळं संपलं कसं? इतका मोठा धंदा एकदम नाहीसा होत नाही.

आखेनवासी

थोडक्यात सांगतो. कोलोनच्या कुंभारांना आगीच्या भीतीपायी सोळाव्या शतकातच शहराबाहेर काढलं, ते फ्रेखेनला गेले. दाढीवाल्या चेहऱ्याचे बार्टमान जग तिथे अमाप झाले. १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याशी बुडालेल्या 'बटाव्हिया' जहाजातही ते सापडलेत. झीगबुर्ग १५८३ पासूनच्या कोलोनच्या युद्धात होरपळलं आणि तीस वर्षांच्या युद्धात १६३२ साली स्वीडिश सैन्य आल्यावर पुरतं बसलं. त्याआधीच क्न्यूटगेन आणि मेनिकेन घराण्यांतले काही वेस्टरवाल्डला गेले होते. तिथे राखाडी अंगावर कोबाल्टचा निळा रंग आला आणि हळूहळू गोष्टींची जागा फुला-पानांनी, आकृत्यांनी घेतली. क्रॉइसेनला सतराव्या शतकात बारा प्रेषितांचे मग झाले, पण ते मीनाकारीच्या रंगांत रंगवलेले. देखणे आहेत. मला मात्र ते शिस्तीत उभे राहून फोटो काढल्यासारखे वाटतात. सुसान्नाच्या पट्ट्यातली धांदल त्यांत नाही.

अन्नपूर्णा७०

अवांतर: दारूच्या भांड्यावर फक्त धाकदपटशाच असायचा का? आनंदाचं काही?

आखेनवासी

अवांतर कसलं, हे राहूनच गेलं होतं! यान एमेन्सचा १५७० च्या दशकातला सर्वांत लाडका पट्टा शेतकऱ्यांच्या नाचाचा आहे, बेहामच्या चित्रांवरून. जोडपी गिरक्या घेताहेत, वाजंत्री फुंकताहेत. वर ओळ आहे, तिचा अर्थ असा: गेर्हार्ट, दणकून वाजव, शेतकरी वेडे झाल्यासारखे नाचू देत. आणि पाद्रीबाबा म्हणतात, चला, मी टोपी आणि झगा दोन्ही नाचण्यात घालवतो. आता हा पाद्र्यांना टोला की नुसती मजा, दोन्ही वाचता येतं. शेतकऱ्यांच्या त्या चेहऱ्यांत मला तरी तुच्छता दिसत नाही.

कोलोन-फ्रेखेनच्या बार्टमान जगांवर पोटाभोवती एक वचन येतं: प्या आणि खा, देवाला विसरू नका. पहिल्यांदा वाचलं तेव्हा शाळेतल्या डब्याच्या सुट्टीतलं 'वदनी कवळ घेता' कानात वाजलं. परक्या देशात काचेच्या कपाटासमोर उभं राहून ते पूर्ण म्हटलं मी, हलक्या आवाजात.

उलटतपास

आखेनवासी, तुमच्या या धाग्याची प्रिंट काढून आमच्या बार असोसिएशनच्या वाचनालयात लावायला परवानगी द्या. नव्या वकिलांनी वाचावं असं मनापासून वाटतं.

आखेनवासी

साहेब, आनंदाने. फक्त मृण्मयीताई आणि वसईकरीणताईंचे प्रतिसादही त्यात राहू द्या, त्यांच्याशिवाय हे अर्धं आहे.

मृण्मयी

मंडळी, चार दिवस इथे आले नाही कारण हे वाचून हात शिवशिवत होते. प्लास्टरचा ठोकळा घेऊन सुसान्नाची एक पट्टी कोरली. नवख्या हाताने तीनच आकृत्या जमल्या: ती, दानीएल, आणि एक म्हातारा. झाड कोरलं पण ते कुठलं आहे हे मुद्दाम कळू दिलं नाही. माती पातळ लाटून साच्यात दाबली, मग अर्धवट सुकलेल्या मगावर पातळ मातीचा घोळ लावून चिकटवली. पहिली पट्टी कडेने उचकटली, कारण मग जास्त सुकला होता. दुसरी बसली. आतून दोन बोटांनी आधार दिला तेव्हा तो दबाव माझ्याही भिंतीत उमटला, आणि झीगबुर्गच्या कोणाचीतरी बोटं आठवली.

खाली देवनागरीत 'सुसान्ना' कोरायचं ठरवलं होतं. साच्यात उलटं कोरायचं हे मला पाठ आहे, रोजचं काम आहे. तरी ठसा काढला तेव्हा 'सु' सरळ, 'सा' सरळ, आणि 'न्ना' उलटा. पुसला नाही, तसाच ठेवलाय. भट्टी शनिवारी लावतेय.

वसईकरीण

मृण्मयीताई, तो मग विकणार असाल तर मला हवा आहे. मावशीला द्यायचाय. 'न्ना' उलटाच असू दे.